घासलेली बिटं

हे लिहायला बसले आणि दोनदा उठले. घरात कुणाला माहीत नाही, कॉलेजात तर नाहीच — आणि जिला माहीत आहे, तिच्याशीही मी यावर कधी बोललेले नाही.

मी बेळगावातल्या वडगावची. घरात माग. कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सोल्डरिंग मात्र मला आधीपासून यायचं. निपाणीला मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, सुट्टीत मी तिथंच बसायचे. त्याच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक — आम्ही बिट म्हणतो — नुसत्या तांब्याचं. काळं पडलं की मामा कानशीनं घासायचा, पुन्हा लख्ख.

डिप्लोमाच्या लॅबमधली बिटं वेगळी. आत तांबं, वरून लोखंडाचा पातळ थर. ती घासायची नसतात, थर निघून जातो. ओल्या स्पंजवर पुसायची, बंद करण्याआधी टोकाला सोल्डर माखून ठेवायचं, म्हणजे पुष्कळ टिकतात. सरांनी हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. मी समोरच बसले होते. मामाला जास्त कळतं असं मला वाटलं — नाही, खरं लिहिते — मलाच जास्त कळतं असं वाटलं.

लॅबच्या कपाटाची किल्ली सविताकडे असायची. ती खानापूरकडच्या खेड्यातली, माझ्याच बाकावरची. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात शिकायला एका मुलीचं नाव सर देणार होते, आणि ते सविताचंच असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे आप्पा म्हणाले होते, तिथं लागलीस तर बेळगावात राहा, नाहीतर घरी ये.

मी तिच्याकडून किल्ली मागून घेतली. वही आत राहिली म्हणाले. आणि सगळी बिटं घासली. का? सरांनी विचारावं, कुणी चमकवली ही — आणि मी हात वर करावा. एवढ्यासाठी.

थोड्याच दिवसांत त्यांना खळगे पडले. सोल्डर धरेना. प्रॅक्टिकल अडलं.

"कपाट तुझ्याकडं. किल्ली कुणाला दिलतीस?" सरांनी सविताला विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला तेव्हाच कळलं. मी हातातल्या बोर्डाकडे बघत राहिले.

"कुणालाच न्हाय, सर."

"मग काय भूत आलतं व्हय कानस घेऊन?"

वर्ग हसला. आणि मी — मीही हसले. गप्प बसले एवढंच असतं, तर कदाचित हे आधीच कुणाला तरी सांगून टाकलं असतं. पण मी हसले.

कारखान्यासाठी नाव माझं गेलं. सविता परीक्षा देऊन गावी गेली, ती तिकडचीच झाली. आता खानापुरात कापडाच्या दुकानात असते.

मागच्या महिन्यात स्टँडवर भेटली. तिनंच हाक मारली.

"लई वाळलीस गं. काम जमतंय न्हवं?"

"व्हय."

"आता बिटं घासत न्हाईस न्हवं?" ती हसून म्हणाली. राग नव्हता त्यात. मी शोधला, नव्हता.

"न्हाय," मी म्हणाले.

तिची गाडी लागली होती. ती पिशवी सावरत उभी होती, चढायची घाई करत नव्हती. पुन्हा थांबली होती. मी म्हटलं, "जा गं, जागा मिळायची न्हाय."

ती चढली.