वाळूतला हात

मंडळी, घोडेगावच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आमच्याकडून समुद्र लांब आहे, म्हणूनच आजची चूक झाली.

सकाळी लोणीचे सखारामभाऊ बायकोला घेऊन घरी आले. त्यांचा मुलगा कोकणात मासेमारीच्या बोटीवर कामाला होता. दिवाळीत बोट बुडाली, तो सापडलाच नाही. परवा हे दोघं किनाऱ्यावर गेले, तर वाळूत हाताचा सांगाडा मिळाला. सुकल्या कातडीनं धरलेली हाडं धोतरात बांधून आणली.

"गुरुजी, एवढंच गावलं. अग्नी द्यायचाय."

शेजारचे प्राणिशास्त्राचे सर चहाला आले होते. एरवी चहा कमी आणि व्याख्यान जास्त. आज मात्र माझ्या कानाशी पुटपुटले, "शास्त्रीबुवा, पेरं बघा."

बोटं पाचच होती, पण मधल्या दोन बोटांना तिनाऐवजी सात-आठ पेरं. दंडाचं हाड चपटं, आखूड.

"डॉल्फिनचा पोहायचा पर आहे. आतून आपल्यासारखाच हात असतो."

खोटे मंत्र म्हणवेनात. मी सांगून टाकलं.

मुलाच्या आईनं डोळे पुसले. "म्हंजी माझा बाळू न्हाई ह्यो? मंग जित्ता हाय!" आणि ती हसली.

सखारामभाऊंनी मला अंगणात नेलं. "दिवाळीपासनं तिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. परवा लई रडली, रातीला पोटभर जेवली. आता पुन्ना दार उघडं ठिवून बसंल. कशाला सांगितलं, राव?"

मंडळी, तुम्ही सांगितलं असतं का?