कवळीवाल्याचं लढाऊ विमान

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर पुढच्या खोलीत तोंडाचं माप घेतो, मी मागच्या खोलीत प्लास्टरने माखलेला असतो. सासऱ्यांच्या लेखी मी 'दातवाला'. बावीस वर्षं त्यांच्या तोंडात माझीच कवळी आहे, पण त्या तोंडातून माझ्या कामाला 'बरंय' एवढंसुद्धा कधी निघालं नाही.

ते युद्धात लढाऊ विमानांचे मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी नजर गेली आणि बोलणंही आटलं. बायको म्हणाली, "अहो, बाबांना त्यांचं विमान करून द्या ना. हाताला लागलं तर बोलतील तरी." झालं! मी हुरळलो. या खेपेला म्हाताऱ्याकडून शाबासकी उकळायचीच, असा विडाच उचलला.

आता हुबेहूब विमान केलं तर मी कसला कलावंत? मी 'प्रतीकात्मक' करायला घेतलं. हिरड्यांच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकचं धड, पंखांच्या कडेने ओळीत सुळे, पुढच्या पंख्याची पाती म्हणजे तीन लांबलचक पुढचे दात. युद्ध माणसं खातं, असा गहन अर्थ! माप खऱ्याच्या बरोबर बत्तिसाव्या हिश्शाचं. बत्तीसच का, हेही प्रतीकच. हे सगळं मी बायकोला तीनदा समजावलं.

"कवळीला पंख फुटलेत," ती म्हणाली.

रविवारी सकाळी विमान त्यांच्या हातात ठेवलं आणि मी छाती फुगवून शेजारी उभा राहिलो. त्यांनी दात चाचपले नाहीत की पंख. विमान सरळ उलटं केलं आणि पोटावरून अंगठा फिरवला. पोट गुळगुळीत. खाली कोण मरायला बघतंय, म्हणून मी ते नुसतं पॉलिश करून सोडलं होतं.

"झाकण कुठाय?"

"कसलं झाकण, बाबा?"

"इंजिनाखालचं. मी तिथेच उताणा पडून काम करायचो. वरून विमान कसं दिसतं, मला काय ठाऊक!"

बायको दारातच थबकली. मग ते हळूहळू बोलत गेले. एका सकाळी ते झाकण त्यांनीच लावलं होतं. विमान गेलं ते परत आलंच नाही. पायलट तेवीस वर्षांचा होता. झाकण नीट लागलं होतं का, हे त्यांना आजतागायत आठवत नव्हतं.

माझा गहन अर्थ गेला खड्ड्यात. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मुकाट्याने कामाची पेटी आणली, पोटाला छोटा चौकोन कापला, तारेची बिजागरी करून झाकण बसवलं. त्यांनी ते अंगठ्याने लावलं. उघडलं. पुन्हा लावलं, कान जवळ नेला.

"नीट लागलंय?"

कवळी सैल असल्याची तक्रार आली की मी जे ठोकून देतो, तेच सवयीने तोंडातून सुटलं. "एकदम घट्ट! तुम्ही बिनधास्त राहा."

त्यांचा अंगठा झाकणावरच राहिला.

"मीही त्याला हेच सांगितलं होतं," ते म्हणाले.