पूर्णेची रेती, समुद्राच्या नावाने

ज्या माणसाला दिवसभरात मोजून दोन पेले पाणी प्यायची परवानगी आहे, त्याच्या डोळ्यांसमोर तीनशे लिटर पाण्याची काचेची पेटी ठेवायची आणि त्याला म्हणायचं ‘पेशंटचं मन रमवणं’. ही अक्कल आमच्या डायलिसिसच्या डॉक्टरची. त्याच्या वेटिंग हॉलमध्ये बसल्या बसल्या मी पत्रकाचा मथळाही तयार केला होता: ‘माणसाला खारं, माशाला फिल्टरचं!’

मथळ्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आमचं गाव वरवट बकालच्या जवळ, खारपाणपट्ट्यात. बोअर मारा नाहीतर विहीर खणा, लागतं ते खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. वडील गवंडी. उभा जन्म बांधकामावर उन्हात तेच पाणी प्यायले आणि किडन्या गेल्या. कशाने गेल्या ते डॉक्टर कागदावर लिहून देत नाहीत. आम्हाला कागद नकोच आहे, गावात घरटी एक तरी असा पेशंट दिसतो. आणि इकडे हा डॉक्टर मशीनसाठी शुद्ध केलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवून समुद्र बनवत होता! त्यात प्रवाळ लावणार, केशरी पट्ट्यांचे मासे सोडणार.

“खारंच पाहिजे होतं तर आमच्या गावात टँकर पाठवायचा,” मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “फुकट भरून देतो.”

काउंटरवरच्या माणसाने मान वर केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “चालते का थे? नाहीतर लोणारच्या तळ्याचं? रेतीही तिथलीच आणता येईन. खारं थे खारं.”

आता याला काय सांगायचं? लोणारचं पाणी सोड्याचं, समुद्राचं नव्हे. त्यात हे मासे तासभरही टिकायचे नाहीत. आणि तिथली मूठभर रेती उचलणं हाही गुन्हा. असल्या लोकांच्या हातात काउंटर असतं.

वडील बाकावर बसून होते. त्यांना या कशाशी देणंघेणं नव्हतं. सोमवारी घरी परतल्यावर त्यांनी सांगून टाकलं होतं, “आता मले नेऊ नको. बस झालं.” मशीन सोडल्यावर काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सोडलं, तेव्हा त्याच्या मातीला ते स्वतः गेले होते. आई रडली. मी हक्काबिक्कावर बोललो. “भाषण गावाले दे,” म्हणाले. शेवटी हा एक गुरुवार, पुढे नाही, या बोलीवर ते ऑटोत बसले होते. म्हणजे त्या सकाळी माझ्या हातात एकच दिवस होता, आणि तो मी माशांच्या पेटीला शिव्या घालण्यात घालवत होतो.

तेवढ्यात पेटी विकणारा आला. अंगाला अत्तर, गॉगल डोक्यावर, मागे हमालाच्या खांद्यावर गोणी. गोणीवर डॉल्फिनचं चित्र.

“डॉक्टरसाहेब, ओरिजिनल समुद्राची रेती. यात प्रवाळ असा धरेल ना, बघत राहाल.”

रेतीची गोणी पाहिली की माझं डोकं फिरतं. पूर्णेच्या पात्रातून ट्रॅक्टर भरभरून रेती चोरतात, त्याविरुद्ध मी दोन वर्षं पत्रकं वाटतो आहे. मोबाइल काढला, तिथल्या तिथे वाचलं: प्रवाळाच्या पेटीला चुन्याची रेती लागते, म्हणजे मोडलेल्या प्रवाळाची, शिंपल्यांची. ती पाण्याचा गुण सांभाळते. ओळखायची कशी? व्हिनेगर टाका, फसफसली तर खरी. समोरच्या चायनीजच्या गाडीवरून मी व्हिनेगर मागून आणलं. चारचौघांत याचं पितळ उघडं पाडायचं, एवढाच माझा हेतू होता.

बशीत रेती घेतली, व्हिनेगर ओतलं. फसफसली.

“काय भाऊ, पटलं ना?” विकणारा हसला. “पत्रक काढा आता आपल्या नावाने.”

काउंटरवाला तर टाळी वाजवायचाच बाकी होता.

“इकडे आण थे,” बाकावरून आवाज आला.

मी बशी नेली. वडिलांनी आधी गोणीतली कोरडी रेती मागवली, ती तळहातावर घेऊन अंगठ्याने पसरली. मग मुठीत दाबून कानाशी नेली. हात झटकला आणि तळवा मला दाखवला. रेषारेषांत मळकट पूड बसली होती.

“माती हाय. धुतली पण घाईत धुतली.” मग बशीत नखाने एक पांढुरका खडा बाजूला सरकवला. “हे फसफसून राह्यलं. हे काय हाय?”

“चुना,” मी म्हणालो.

“चुनखडी हाय, आपल्या वावरातली. बाकीची रेती पाह्य. फसफसते का? गपगार पडली. दोन खडे उकळले अन् तू साऱ्या गोणीले पास केलं. न पाह्यता सही करणारा इंजिनेर शोभतं बे तू.”

काउंटरवाला फिस्सकन हसला. मला राग यायला हवा होता. पण वडील कितीतरी दिवसांनी एवढं बोलत होते.

मग त्यांनी चुंबक मागितला. फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराचा एक चिकटवलेला होता, तो डॉक्टरनेच आणून दिला. वडिलांनी तो रेतीतून फिरवला. आंब्याला काळी दाढी फुटली.

“लोखंड,” डॉक्टर म्हणाला. “हे खाऱ्या पाण्यात विरघळलं तर प्रवाळ आधी जाईल. बाबा, तुम्हाला हे कसं कळलं?”

“मले प्रवाळ नाही समजत, साहेब. रेती समजते. ही पूर्णेची हाय. हिच्यात जिंदगी गेली माही. काळी कणी, नदीच्या शिंपल्याची कपची, चुनखडी. समुद्र कुठचा आला?”

विकणारा म्हणाला, गोडाऊनमध्ये गोण्यांची अदलाबदल झाली असेल. डॉल्फिनचीही झाली असेल! डॉक्टरने त्याला गोणीसकट बाहेर काढलं. चोरीची रेती, माझ्या नदीची, जिच्यासाठी मी गावोगाव घसा फोडतो, तीच माझ्या हातात आली आणि मीच तिला समुद्राचं सर्टिफिकेट दिलं. पत्रक लिहिणाऱ्याने एकदा तरी नदीत उतरून मूठभर रेती उचलून बघावी, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

डॉक्टरने मुंबईच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि प्रवाळाची रेती सांगितली. “जाडी किती सांगू?” त्याने वडिलांनाच विचारलं. पीठ नको, पंपाने उडेल. खडी नको, फटींत घाण सडेल, एवढं त्याने समजावलं. वडील म्हणाले, “रव्याहून जाड, साबुदाण्याहून बारीक. अन् रंगवलेली नको म्हणा.”

“सोमवारी येईल. तुम्ही पाहिल्याशिवाय पेटीत टाकणार नाही.”

वडिलांना आत खाटेवर घेतलं. मशीन सुरू झालं. दुसऱ्या तासाला छताकडे पाहत त्यांनी विचारलं, “सोमवारी किती वाजता येते म्हणे?”

तुम्ही तर येणार नव्हता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या दिवशी मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम म्हणजे मी ते गिळलं.

सोमवारी ते माझ्याआधी ऑटोत जाऊन बसले. खिशात चुंबक, कुठल्याशा फुटक्या स्पीकरमधून काढलेला. रेती आली होती. पांढरी, हलकी, व्हिनेगर टाकताच कणन् कण उसळणारी. चुंबक कोरडाच निघाला. वडिलांनी मान हलवली.

मग धुवायची वेळ आली आणि डॉक्टरने सरळ शुद्ध पाण्याचा पाइप काढला. पेटीचं पाणी कालवलं तेव्हाही हेच केलं होतं त्याने. माझं तोंड उघडलंच होतं.

“थांबा,” वडील म्हणाले. “तुमची मशीन पाणी शुद्ध करताना जे फेकून देते, थे कुठे जाते?”

“नालीत.”

“थे द्या. गढूळपणा काढाले थे बस झालं. शेवटचा हात तेवढा चांगल्या पाण्याचा. आमच्याकडे प्याले पाणी नाही साहेब, अन् तुम्ही रेती धुऊन राह्यले.”

डॉक्टरचा चेहरा पडला. माझ्या अख्ख्या पत्रकाने जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं. पत्रक अजून पिशवीत आहे आणि ते वाटायचं मी रद्द केलेलं नाही. पेटीचा मला आजही तेवढाच संताप येतो.

पण त्या वेळी मी बादली धरून उभा होतो. वडिलांच्या डाव्या हातात मशीनच्या सुया टोचतात, त्याने जड उचलायचं नाही. म्हणून ते उजव्या हाताने घमेल्यात रेती खळबळत होते. पाणी दुधासारखं निघत होतं. मी डॉक्टरला म्हणालो, “आता हेच सगळ्या पेशंटच्या गावांना...”

“पाणी वत बे,” वडील म्हणाले. “अजून चार पाणी लागतीन. आज नाही झालं तर गुरुवारी करू.”