पापनाशमला गेलेली किल्ली

आमच्या तंजावूरच्या मराठी घराण्यातून महाराष्ट्रात परत जाण्याचा पहिला प्रयत्न तीनेकशे वर्षांनी मी केला आणि तो पापनाशमला संपला. (नकाशा न पाहणाऱ्यांसाठी: पापनाशम तंजावूरच्या पूर्वेला आहे. महाराष्ट्र नाही.)

हे सगळं माझ्या थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी. आमची कुलदेवी तुळजापूरची, आणि आक्कानं ती जन्मभर देव्हाऱ्यातल्या तसबिरीतच पाहिलेली. गुडघे असे की रेल्वेची पायरी चढवेना. म्हणून मी कोइम्बतूरहून एक जुनी पिकअप गाडी घेतली. तिच्या हौद्यावर आधीच्या मालकानं चक्क घर बसवलेलं: दोन बिछाने, शेगडी, बेसिन, छपरावर उघडणारा तंबू! मी इतका हरखलो की राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत गाडी उभी करून जेवायलाही तिच्यातच बसू लागलो. (तिची पायरी रेल्वेपेक्षा उंच आहे हे नंतर लक्षात आलं. मग एक स्टूल घेतलं.)

माझी बायको सरोजा शाळेत गणित शिकवते. तिची रजा शुक्रवारपासून. पण आक्कानं पंचांग पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"शुक्रवारीं पश्चिमेस शूल आहे रे. कसें जाणार?"

यावर आमच्याकडे उपाय आहे: परस्थान. चांगली वेळ पाहून प्रवासातली एखादी वस्तू आदल्या दिवशी शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. निघताना ती उचलायची आणि पुढे जायचं. घरी मात्र ती परत आणायची नाही. आक्का म्हणाली, माझं एक लुगडं ठेव. पण मला उत्साहाचं भरतं आलेलं! ठेवायचं तर असं काही, ज्याच्यावाचून प्रवासच होणार नाही. गुरुवारी सकाळी मी सामान भरलं, गाडीला कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या हळदीच्या फडक्यात बांधून शेजारच्या पंचुमामांच्या देवघरात ठेवून आलो.

सामानात सरोजाचं इडलीचं पीठ होतं, मोठं पातेलं भरून. महाराष्ट्रात इडली मिळेल, पण तिला इडली म्हणता येईल का, अशी तिला शंका होती. गाडी दिवसभर तंजावूरच्या उन्हात उभी राहिली. आंबवण्यासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही.

शुक्रवारी सकाळी आक्का नवं लुगडं नेसून, तसबिरीला नमस्कार करून उजव्या पायानं उंबरा ओलांडून बाहेर पडली. मी मामांच्या दारी गेलो. दाराला कुलूप! फोन केला तर मामा पापनाशमला, भाचीच्या वळैकाप्पूला, म्हणजे आपल्या डोहाळजेवणाला. आणि किल्ल्या? त्याही पापनाशमला. मामा भाविक माणूस. दुसऱ्याचं परस्थान रिकाम्या घरात दिव्याविना कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी ते बरोबर नेलं होतं.

मी बस पकडून पापनाशमला धावलो. इकडे आक्का घरात परत जाईना. प्रवासाला उंबरा ओलांडल्यावर मागे फिरत नाहीत. ती छत्री घेऊन भर गल्लीत खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळानं गाडीच्या मागच्या दाराच्या फटीतून पांढरं काही ओघळू लागलं. गल्ली जमली. काच फोडा म्हणणाऱ्यांना आक्कानं सुनावलं की शुभकार्याआधी काच फोडत नाहीत.

मी किल्ल्या हातात घेऊन विजयानं फोन केला, की आलोच. पलीकडे आक्का.

"परस्थान माघारीं आणायचें नाही. तेथूनच पुढें जायचें."

"अग आक्का, पण गाडी तिथे आहे!"

"मग गाडी तेथें येईल."

आली! सरोजानं कुठून तरी क्रेन मिळवली. मी मंडपासमोर किल्ल्या धरून उभा, आणि समोरून वरात आली: पुढे क्रेन, तिच्यावर माझी गाडी, गाडीतून रस्ताभर पिठाची रांगोळी, आणि मागे रिक्षात ताठ बसलेली आक्का. वळैकाप्पूच्या बायका बांगड्या भरणं अर्धवट सोडून बाहेर आल्या. मी दार उघडलं. पीठ बिछान्यांवर, शेगडीवर, वायरींत, तंबूच्या घड्यांत. तुळजापूर त्या वासात तरी शक्य नव्हतं. सरोजाची रजा गाडी खरवडण्यात जाणार हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आक्कानं आत डोकावून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजवर कोणी निघालेंच नव्हतें रे. तूं पापनाशमपर्यंत तरी आणलेंस."

तर उद्या आम्ही पुन्हा निघतोय. पीठ न्यायचं नाही, हा आक्काचा शब्द. किल्ल्या सरोजाच्या कमरेला. शूल याही वेळी आहेच, म्हणून परस्थान आलं. या वेळी काय ठेवायचं ते आक्कानंच ठरवलं: ज्याच्यावाचून प्रवास अडणार नाही असं काहीतरी. दोघींनी घरभर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

हे मी पंचुमामांच्या ओट्यावर बसून लिहितोय. निघताना मला उचलतील, असं म्हणाल्या आहेत.