विहिरीच्या कठड्याचा निनावी अर्ज

गावात माझी ख्याती तापट माणूस म्हणून आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, पण दुसऱ्याच्या चुका काढायची खोड काही सुटली नाही. कुणाच्या नालीचं पाणी रस्त्यावर आलं, कुणी रेतीचा ढीग महिनाभर वाटेत ठेवला, की मी ग्रामपंचायतीत अर्ज देतो. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव लहान, त्यामुळे प्रत्येक अर्जामागे एक रुसलेला शेजारी ठरलेला. बायको म्हणायची, "एखाद्या दिवशी सोताच्या विरुद्ध बी अर्ज कराल तुमी." ती गेल्यावर मला टोकणारं कुणी राहिलं नाही.

माझ्या घराला लागून एक रिकामी जागा आहे आणि तिच्यात एक जुनी विहीर. जागा शेजारच्या वहिनींच्या घरची. विहिरीचा कठडा एका बाजूनं पार खचला होता, भोवती कमरेएवढं गाजरगवत माजलेलं. अंगणवाडीची वाट अगदी तिच्या कडेनं जाते. सकाळी पोरं तिथून एकमेकांना ढकलत जायची तेव्हा मी दारातून ओरडून त्यांना आवरायचो.

दुसऱ्या कुणाची विहीर असती तर मी पहिल्याच दिवशी अर्ज ठोकला असता. पण वहिनींविरुद्ध लेखणी उचलायची कशी? माझी बायको वर्ध्याला दवाखान्यात होती तेव्हा माझं घर त्यांनी सांभाळलं होतं. गाईला चारा त्यांनीच टाकला. मी संध्याकाळच्या बसनं परतलो की गरम भाकर आणि वांग्याची भाजी झाकून ठेवलेली असायची. पुढे बायको गेली, तेव्हा घरात चूल पेटत नव्हती तितके दिवस ताट त्यांच्याकडूनच आलं. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. आमच्याकडे तशी रीतच नाही, आभार मानले की माणूस परका झाल्यासारखा वाटतो.

दोनदा आडून आडून म्हणून पाहिलं, "वहिनी, त्या विहिरीचं काहीतरी पाहा." त्यांनी "पाहू ना, गुरुजी" म्हणून विषय दुसरीकडे नेला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मी तो टाळाटाळीचा धरला. आणि मग मी आयुष्यातलं सर्वात भित्रं काम केलं. विहिरीचा अर्ज लिहिला, खाली "एक जागरूक गावकरी" असं लिहिलं, आणि दुपारी कुणी नाही असं पाहून पंचायतीच्या तक्रारपेटीत टाकला.

निम्मं गाव माझ्या हाताखाली शिकलेलं. लग्नपत्रिकांवरची नावं मी घालतो, लोकांचे दाखल्यांचे अर्ज मी लिहितो, ग्रामसभेची सूचना फळ्यावर मीच लिहितो. तरी हे अक्षर कुणाला ओळखू येणार नाही असं मला कोणत्या बुद्धीनं वाटलं, देव जाणे. वर विषयाखाली तांबड्या शाईच्या दोन रेघाही मारल्या होत्या, नेहमीच्या सवयीनं.

चार दिवसांनी ग्रामसेवक पाहणीला आले. मोबाइलवर विहिरीचे फोटो काढले आणि सरळ माझ्या दारात येऊन म्हणाले, "गुरुजी, चाला. पंच तुमी, अन् पंचनामाबी तुमीच लिहा. माहं अक्षर तुमाले माईतच हाय." गावातला प्रत्येक पंचनामा मीच लिहीत आलो होतो, नाही कसं म्हणणार? म्हणून माझ्याच तक्रारीचा पंचनामा मी वहिनींच्या ओसरीवर, त्यांच्याच पाटावर बसून लिहिला. कठडा किती फूट खचला तेही मोजून लिहिलं. घाम पुसून पुसून रुमाल ओला झाला.

लिहून झाल्यावर ग्रामसेवकांनी तो कागद माझ्या निनावी अर्जाशेजारी ठेवला. दोन्हीकडे पाहिलं आणि उगाच खाकरले.

"पंचनामा झाला," ते म्हणाले, "पन नोटीस निघत नाई. अर्ज निनावी हाय. अर्जदारानं नाव टाकलं तरच कागद पुढं जाईन."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन दोन्ही कागद उचलले. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट फिरवत हळूहळू वाचलं. कागद खाली ठेवले आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. त्या घरातून मी चहाशिवाय उठलो, असं पहिल्यांदाच झालं.

दिवसभर मला काही सुचलं नाही. बायकोच्या आजारपणातली एकेक गोष्ट आठवत होती आणि स्वतःची लाज वाटत होती. या बाईला मी तोंडावर दोन शब्द स्पष्ट बोलू शकलो नाही आणि पाठीमागून अर्ज टाकला. आता उरलेलं आयुष्य शेजारच्या दाराकडे न पाहता काढायचं, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली. मी गृहपाठ न केलेल्या पोरासारखा जाऊन उभा राहिलो.

"अर्जाचं अक्षर तुमचं हाय," त्या म्हणाल्या.

"हो. चुकलं माझं, वहिनी."

"अर्ज केला ते नाई चुकलं. नाव काऊन नाई टाकलं?"

 मग त्यांनी विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. ती विहीर एकट्या त्यांची नव्हती, आर्वीला राहणाऱ्या दिरांची आणि त्यांची सामाईक होती. यजमान वारल्यापासून त्यांनी दुरुस्तीचा शब्द काढला की दीर म्हणत, वहिनीला सगळी जागा लाटायची आहे. त्या दोनदा पंचायतीतही जाऊन आल्या होत्या. तिथं त्यांना सांगितलं, हा तुमच्या घरातला मामला आहे.

"रोज त्या पोराइकडं पाहून जीव मुठीत धरून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "तुमाले वाटलं मले दिसत नाई? भायेरून तक्रार झाली तर नोटीस दोघाइच्या नावानं येते. मंग भाऊजीले काई बोलता येत नाई. चाला, सही करा. मीबी येतो संगं."

तक्रार करणारा आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती, असे आम्ही दोघं भर गल्लीतून पंचायतीत गेलो. "एक जागरूक गावकरी" खोडून मी वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव लिहिलं. ग्रामसेवकांनी मान खाली घालून शिक्का मारला. हसू दाबत होते बिचारे.

पुढे नोटीस निघाली, कठडा झाला, वर लोखंडी जाळी बसली, हे सगळं पंचायतीच्या कागदांत आहे. जे कागदांत नाही ते मला सांगायचं आहे.

नोटीस घेऊन दीर आले ते तावातावानं. गल्लीत उभं राहून ओरडले, "कोन्या भायेरच्या मान्साले आमच्या घरात नाक खुपसाचं काम पडलं?" अर्जावर आता माझं नाव होतं. मी दार उघडून बाहेर आलो आणि म्हणालो, "अर्ज मी केला."

ते माझ्याकडे वळले, तेवढ्यात वहिनी ओसरीवरून खाली उतरल्या आणि आमच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आवाज खाली करा," त्या म्हणाल्या. "गुरुजी भायेरचे नाई. घरचेच हायेत."