पिळलेलं बोट

टेलरमास्तरांनी बायकोचं बोट लिंबासारखं पिळलं आणि तिथेच घोटाळा झाला. टोचलेल्या बोटातून रक्ताचा थेंब बाहेर यायला कुरकुरत होता. टोचेबाई कापूस घ्यायला वळल्या, तेवढ्यात मास्तरांना मदत करायची हुक्की आली. बाईंनी वळून आयता थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतला.

"नऊ पॉइंट दोन."

बायकोच्या पोटातली गाठ उद्या सकाळी काढायची होती, आणि हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर टेबलावर घेणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे रक्तस्राव तर थांबायचं नाव घेत नव्हता.

दवाखान्याच्या तपासणीखोलीत टोचेबाईंनी इतकी बोटं टोचली होती, की त्यांचं खरं आडनाव त्या स्वतःही विसरल्या असाव्यात. त्या रस्त्यात दिसल्या की पोरं हात पाठीमागे लपवत. वाणीसुद्धा पुडी त्यांच्या हातात न देता फळीवर ठेवी. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," असलं गोड त्या कधी बोलत नसत. "दुखेल," म्हणत, आणि दुखे.

"ताई, यांनी बोट पिळलं हो," बायकोने चहाडी केली.

बाईंनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं. "पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं, मास्तर. आकडा खाली येतो."

"म्हणजे खरा जास्त असेल?"

"असेल. नसेलही. दुसऱ्या हाताचं घेऊ."

पुन्हा आशा लागली तसे मास्तर बायकोच्या बोटाकडे सरकले. मघाशी निदान आशा तरी संपली होती.

"तुम्ही तिकडे भिंतीशी उभे राहा," बायको म्हणाली. "आणि हात खिशात. दिवसभर स्वतःला सुया टोचून घेता, तेव्हा कुठे जाते ही माया?"

ती हसली, पण तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. मास्तरांनी खिशात मुठी आवळल्या.

बाईंनी तिचा हात चोळून उबदार केला. खट्. पहिला थेंब पुसून टाकला. दुसरा आपल्या मर्जीने, सावकाश फुगत आला. मास्तरांना तो फिका वाटला, मग लाल, मग पुन्हा फिका. पट्टी यंत्रात गेली. पडद्यावर नुसत्या रेघा पळू लागल्या.

"ताई," मास्तरांनी भिंतीशी उभ्यानेच विचारलं, "दहाच्या वर येईल ना?"

"येईल ते सांगेन, हवं ते नाही."