कोल्हापूर ते डुमना, हैदराबादमार्गे

जबलपूरहून कोल्हापूरच्या नोकरीवर निघालो तेव्हा बाबा आणि माझा धाकटा भाऊ सुधीर नागपूरच्या बसमध्ये तिलवाऱ्यापर्यंत माझ्यासोबत आले आणि नर्मदेच्या पुलाअलीकडे उतरले. "जाणाऱ्याला नर्मदेपर्यंत पोचवायचं, येणाऱ्याला घ्यायला जायचं. घरचंच माणूस पाहिजे," हा बाबांचा नियम. बस पुलावर चढताना मी वळून पाहिलं. सुधीर बाबांशी काहीतरी बोलत हसत होता. मला तिथेच त्याचा हेवा वाटला. थोड्या वेळानं तो कांचघरला आमच्या घरी परतून आईच्या हातचं जेवणार होता.

पुढे विमानं आली. नकाशावर रेघ मारली तर कोल्हापूर ते जबलपूर साडेनऊशे किलोमीटरच्या आतबाहेर. थेट विमान असतं तर दोन तासांत डुमन्याला, जबलपूरच्या विमानतळावर, उतरलो असतो. पण दोन्ही विमानतळ लहान, एकमेकांची ओळख नसलेले. आधी हैदराबाद, तिथे ताटकळणं, मग जबलपूर. सारा दिवस जातो.

खरं सांगायचं तर या लांबीवरच मी मान मिळवला. घरात पाऊल टाकलं की काकू म्हणायची, "बिचारा किती लांबून येतो!" लगेच पुऱ्या तळल्या जायच्या. सुधीरला कोण काय म्हणणार? तो तर तिथंच असायचा. आई त्याच्यावर खेकसायची, "काहून उशीर केला रे? गोळ्या आणल्या का?" माझ्याशी मात्र पाहुण्यासारखं बोलायची, "उशी बरी आहे ना?" त्या खेकसण्यासाठी मी जळायचो.

आई फार आजारी असल्याचं कळलं त्या दिवशी हैदराबादचं विमान रखडलं. सुधीर नियमाप्रमाणे डुमन्याला येऊन बसला होता. 'तू आईजवळ थांब, मी टॅक्सी करतो,' असं मी त्याला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. मला घ्यायला कुणी यावं, ही माझी हौस.

घरी पोचलो. सुधीर गाडी लावत होता, मी आधी आत धावलो. आईचे डोळे मिटलेले. माझा हात चाचपत ती म्हणाली, "सुधीर, सकाळपासून कुठं होता रे?"

ते शेवटचं. सुधीर आत आला तेव्हा सगळं संपलं होतं. काकूनं विचारलं, "काही बोलली का?" मी म्हणालो, "माझं नाव घेतलं." तेव्हापासून आमच्याकडे सांगतात, थोरल्यासाठी जीव धरून होती.

परवा फोनवर सुधीरला खरं सांगितलं.

"अच्छा! म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्यावर फुकटच जळून राहिलो?" तो हसला. मग म्हणाला, "चलो, दादा, परत एकदा सांग. काय म्हणाली?"

मी परत सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा सांगतानाही मी तसाच जळलो.

सुधीरच्या मुलांनो, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तरी हे सावकाश वाचा. तुमची आजी तुमच्या बाबांची वाट पाहत होती, माझी नाही. उशीर झाला म्हणून कुणी रागावतं, ते घर. मला यायला कितीही उशीर झाला तरी तिथं कुणी कधी रागावलं नाही.